मूलपेशी, मूळपेशी की स्कंधपेशी?

प्रश्न असा आला आहे: शरीरात नव्या पेशी घडवणाऱ्या 'स्टेम सेल'ला मराठीत 'मूलपेशी' म्हणतात, पण स्टेम म्हणजे तर खोड. मग 'स्कंधपेशी' जास्त बरोबर नाही का?

शब्दाला शब्द लावायचा तर बरोबर. पण हे खोड बागेतलं नाही, वंशावळीतलं आहे. १८६८ साली एर्न्स्ट हेकेल या जर्मन जीवशास्त्रज्ञाने 'श्टामत्सेले' हा शब्द वापरला तो सगळ्या सजीवांच्या एकपेशीय पूर्वजासाठी. जर्मनमध्ये 'श्टाम' म्हणजे खोड आणि वंशसुद्धा. वंशवृक्षाला ते 'श्टामबाउम' म्हणतात. आपल्याकडे वंशावळीत सर्वांत वर कोण असतो? मूळपुरुष! म्हणून माझं मत 'मूळपेशी'ला. 'मूलपेशी'तला 'मूल' मूलद्रव्य, मूलभूत यांच्यासारखा संस्कृतातून आलेला, त्यात चूक काहीच नाही. पण नवख्या वाचकाला आधी लेकरूच आठवतं.

अर्थही चपखल बसतो. तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसतं, त्यामुळे तिचं विभाजन होत नाही. ती साधारण १२० दिवस जगते. तिची जागा घ्यायला अस्थिमज्जेत दर सेकंदाला वीसेक लाख नव्या पेशी तयार होतात. तांबड्या, पांढऱ्या, बिंबिका (प्लेटलेट), सगळ्यांचं घराणं मागे मागे नेलं की त्याच मूळपेशी. शिवाय पिढ्यान्‌पिढ्या प्रजा वाढवूनही त्या स्वतः शिल्लक राहतात, हे मूळपुरुषालाही जमत नाही.

काही जण 'मातृपेशी' सुचवतात. तो नको. विभाजन होणारी कोणतीही पेशी मातृपेशीच, आणि ती दोन जन्यपेशींत संपून जाते.

(जाता जाता: हिंदी लेखातून भाषांतर करताना जपा. तिथे सेल म्हणजे 'कोशिका', 'मांसपेशी' म्हणजे स्नायू, आणि नुसती 'पेशी' बहुधा कोर्टातली.)

'मूळ' अडखळतं ते आजाराच्या वर्णनात. तीव्र रक्तकर्करोगात मज्जेतल्या कच्च्या पेशी पक्व न होताच वाढत राहतात आणि निरोगी पेशींना जागा उरत नाही. तिथे 'कर्करोगाच्या मूळपेशी' असं लिहिलं की वाचणारा आजाराचं कारण शोधू लागतो. अशा ठिकाणी मी सरळ 'स्टेम सेल' लिहितो. रुग्णाच्या घरचेही तेच म्हणत असतात.