आधी शाई, मग स्वाक्षरी

भौमितिक दृष्टिभ्रमाची चित्रे, म्हणजेच ऑप आर्टची छापचित्रे, जमवणाऱ्या वाचकांची काही पत्रे आमच्याकडे आली होती. त्यांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे या वेळी देत आहोत.

प्रश्न : एकात एक बसवलेल्या चौरसांचे एक छापचित्र मला आवडले आहे. विक्रेत्याने दिलेल्या माहितीत ते लिथोग्राफ असल्याचे म्हटले आहे, परंतु माझ्या चित्रकार मित्राने ते हातात घेताच स्क्रीनप्रिंट असल्याचे सांगितले. कोणाचे खरे मानावे? आणि या फरकाने काही बिघडते का?

उत्तर : चित्र पाहिल्याशिवाय निवाडा देता येणार नाही, तरी माझा कल आपल्या मित्राकडे आहे. ऑप आर्टच्या कोणत्याही छापचित्राला सरसकट लिथोग्राफ म्हणण्याची सवय विक्रेत्यांच्या अंगवळणी पडली आहे. प्रत्यक्षात या प्रवाहातील चित्रकारांनी स्क्रीनप्रिंटचाच, म्हणजे जाळीतून शाई दाबून छापण्याच्या पद्धतीचाच, आधार अधिक घेतला. एका सपाट रंगाला दुसरा सपाट रंग धारदार कडेने भिडवायचा आणि त्यात हाताचा थरकाप कोठेही दिसू द्यायचा नाही, या कामाला ताणलेली जाळी आणि तिच्यावरचे स्टेन्सिल फार सोयीचे पडते. व्हिक्तोर वाझारेली यांची असंख्य छापचित्रे या पद्धतीची आहेत. ब्रिजेट रायली यांनी तर १९६५ साली ‘फ्रॅगमेंट्स’ या मालिकेतील सात चित्रे कागद सोडून प्लेक्सिग्लासवर स्क्रीनने छापून घेतली.

लिथोग्राफ, म्हणजे शिळाछाप, ही याहून जुनी पद्धत आहे. आलोइस झेनेफेल्डर यांनी ती १७९६ च्या सुमारास जर्मनीत शोधून काढली. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्याच गोष्टीवर ती उभी आहे. दगडावर किंवा धातूच्या पत्र्यावर तेलकट खडूने अथवा शाईने चित्र काढायचे आणि पृष्ठभाग पाण्याने ओला ठेवायचा, की छपाईची शाई फक्त चित्रावर धरते. या पद्धतीतही ऑप आर्टच्या जवळचे उत्तम काम झालेले आहे. चित्रकार योझेफ अल्बर्स यांनी १९६६ साली लॉस एंजेलिसच्या जेमिनी या छापशाळेत ‘व्हाइट लाइन स्क्वेअर्स’ ही लिथोग्राफांची मालिका केली. तिच्यात एकाच रंगाच्या पट्ट्यातून एक बारीक पांढरी रेघ जाते आणि तेवढ्याने रेघेच्या आतला रंग आणि बाहेरचा रंग दोन वेगळ्या छटांचे वाटू लागतात. शाई एकच असते. दुसरी छटा पाहणाऱ्याच्या डोळ्यात तयार होते. रेघेची कड जरा जरी ढिली पडली असती, तरी हा खेळ तेथेच संपला असता. म्हणून केवळ कडा स्वच्छ आहेत एवढ्यावरून चित्र लिथोग्राफ नाही असे म्हणता येत नाही.

आता परीक्षा कशी करावी ते सांगतो. दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे आणि चित्र बाजूने येणाऱ्या प्रकाशात तिरपे धरावे. स्क्रीनप्रिंटची शाई कागदावर थर देऊन बसते. दोन रंग जेथे एकमेकांवर चढतात तेथे बारीकशी पायरी दिसते, आणि कडेवर कधी कधी जाळीच्या विणीचे सूक्ष्म दाते उमटलेले असतात. लिथोग्राफची शाई पातळ असते. ती कागदाच्या तंतूंत मुरते, आणि गडद रंगातूनही कागदाचा पोत जाणवत राहतो. तिसरी शक्यता अधिक काळजीची आहे. भिंगाखाली निळ्या, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांची फुले दिसली, तर समोर आहे ती मूळ चित्राच्या छायाचित्रावरून केलेली ऑफसेट छपाई. ऑफसेटसुद्धा तंत्राने लिथोग्राफीचेच यंत्रयुगातले भावंड असल्यामुळे विक्रेता तिला लिथोग्राफ म्हणतो तेव्हा तो शब्दशः खोटे बोलत नसतो, आणि अडचण नेमकी हीच आहे. शिवाय ठिपके दिसले नाहीत म्हणून लगेच निश्चिंत होऊ नये, कारण सपाट रंगांची भौमितिक चित्रे ऑफसेटवर प्रत्येक रंगाची वेगळी शाई वापरूनही छापता येतात आणि मग ठिपके मुळीच नसतात.

बिघडते का, या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की स्क्रीनप्रिंट लिथोग्राफपेक्षा हलके असते असे मुळीच नाही. मात्र ज्याने चित्राचे तंत्रच चुकीचे लिहिले आहे, त्याने आवृत्ती, वर्ष आणि छापशाळा बरोबर लिहिली असेल यावर मी भरवसा ठेवणार नाही. त्या चित्रकाराच्या छापचित्रांचा सूचिग्रंथ मिळवावा. त्यात तंत्र, कागदाचे माप, प्रतींची संख्या आणि छापशाळा यांची नोंद असते. माप सेंटिमीटरने जरी कमी भरले, तरी कारण विचारावे.

प्रश्न : माझ्याकडील प्रतीवर पेन्सिलीने ‘१४२/१५०’ असे लिहिलेले आहे. सुरुवातीच्या क्रमांकाची प्रत अधिक चांगली असते असे ऐकले. ई.ए. आणि एच.सी. ही अक्षरे कशासाठी असतात?

उत्तर : सुरुवातीचा क्रमांक चांगला ही समजूत धातूवर सुईने कोरलेल्या ड्रायपॉइंट छापचित्रांच्या बाबतीत रास्त आहे, कारण तेथे पत्रा झिजत जातो आणि मागाहून निघालेल्या प्रती फिक्या पडतात. लिथोग्राफ आणि स्क्रीनप्रिंट यांत दीडशे प्रतींनी तशी झीज होत नाही. त्यातच क्रमांक घालताना कागद ज्या क्रमाने छापले त्याच क्रमाने हाती येतील असेही नसते. आपली १४२ वी प्रत पहिल्या प्रतीच्या तोडीची आहे असे समजावे. ई.ए. ही चित्रकाराने स्वतःकडे ठेवलेली प्रत आणि एच.सी. ही विक्रीबाहेरची प्रत असते, निदान तशी अपेक्षा असते. मूळ आवृत्तीपेक्षा अशा जादा प्रतीच अधिक फिरताना आढळल्या, तर सावध व्हावे.

प्रश्न : वाझारेली यांची सही असलेली एक प्रत विकाऊ आहे आणि सोबत प्रमाणपत्रही आहे. एवढे पुरेसे आहे का?

उत्तर : नाही. प्रमाणपत्र कोणालाही छापता येते. ते कोणी दिले आणि त्या व्यक्तीचा चित्रकाराच्या वारशाशी किंवा प्रकाशकाशी काय संबंध होता, हे कळल्याशिवाय तो कागद निरुपयोगी आहे.

वाझारेली (१९०६–१९९७) यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एकमेव अस्सल चित्राचा बडेजाव त्यांना मान्य नव्हता. चित्र अनेक प्रतींत निघून अनेकांच्या घरी जावे, असे त्यांचे उघड मत होते आणि ते त्याप्रमाणे वागलेही. त्यामुळे त्यांची छापचित्रे विपुल आहेत, आणि जे विपुल आहे त्यात घाई करण्याचे कारण नसते. दुर्मीळ, शेवटची संधी, असे कोणी म्हणू लागले की मी पाकीट खिशात ठेवतो.

सही पाहायचीच असेल, तर ती प्रकाशात तिरपी धरून पाहावी. पेन्सिलीची सही कागदाला किंचित दाबते आणि ग्राफाइटची करडी चमक दाखवते. छापलेली सही मात्र चित्राच्याच शाईची आणि अगदी सपाट असते. खरी पेन्सिल आहे एवढ्यावरून हात कोणाचा हे अर्थातच ठरत नाही. म्हणून शाई, कागद, कागदातील जलचिन्ह आणि छापशाळेचा उठावाचा शिक्का हे सारे जुळल्यावर सहीकडे वळावे.

प्रश्न : सही नसलेली प्रत घ्यावीच की नाही?

उत्तर : अवश्य घ्यावी, फक्त ती काय आहे हे समजून घ्यावी. अल्बर्स यांचा १९७२ चा ‘फॉर्म्युलेशन : आर्टिक्युलेशन’ हा संच १२७ स्क्रीनप्रिंटांचा असून तो १००० प्रतींत निघाला. त्यातून सुटी झालेली पाने सहीविना मिळतात. छपाई इतकी नेटकी आहे की रंग एकमेकांवर काय परिणाम करतात हे शिकायला त्याहून चांगली सामग्री मला ठाऊक नाही.

प्रश्न : चौकट करणाऱ्याने माझ्या लिथोग्राफचे समास कापून टाकले आणि चित्र पुठ्ठ्यावर चिकटवून दिले. आता काही करता येईल का?

उत्तर : कापलेला समास परत येत नाही, आणि त्यासोबत बहुधा क्रमांक व शिक्काही गेला असेल. चिकटवलेला कागद सोडवता येईल, पण ते काम कागद-संवर्धकाचेच आहे. घरी वाफ देऊन प्रयत्न करू नये. सपाट रंगावर उठलेली एक वळी ऑप आर्टमध्ये जितकी डोळ्यात खुपते, तितकी ती एखाद्या निसर्गचित्रात खुपत नाही, कारण येथे नजर पुरती पृष्ठभागावरच खिळलेली असते.

पुढील चित्रांसाठी चौकट करायला देतानाच लिहून द्यावे : कापायचे नाही, चिकटवायचे नाही. आम्लविरहित माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा, वापरावा आणि कागद वरच्या कडेला गव्हाच्या खळीने लावलेल्या जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्यांवर टांगावा. काच शाईला टेकू देऊ नये, कारण स्क्रीनप्रिंटची जाड शाई दमट हवेत काचेला चिकटून बसते आणि सोडवताना निघून येते. प्रकाशाचे पथ्यही हवे. संग्रहालये कागदावरच्या कामांसाठी सुमारे ५० लक्स एवढाच मंद उजेड ठेवतात. साठच्या दशकात आवडीने वापरलेल्या झगझगीत फ्लुओरोसंट शाया तर उन्हात सर्वांत आधी उडतात. जुने चित्र घेताना माउंटची कड उचलून तिच्याखाली झाकलेला रंग उघड्या रंगाशी ताडून पाहावा. झाकलेली पट्टी अधिक तेजस्वी दिसली, तर बाकीचे चित्र किती उडाले आहे ते तेथेच कळते.