टुरिस्ट व्हिसावर जर्मनीत येऊन नोकरी शोधू नकोस

तू विचारलंयस, शेंगेन (युरोपातल्या अनेक देशांत चालणाऱ्या) टुरिस्ट व्हिसावर जर्मनीत यायचं, तीन महिन्यांत नोकरी शोधायची आणि इथेच व्हिसा बदलून घ्यायचा, असं जमेल का? नाही जमणार. एजंट 'होतं सगळं' म्हणाला असेल तर त्याला एक रुपयाही देऊ नकोस. तो व्हिसा १८० दिवसांत ९० दिवस राहण्यापुरता. त्यावर काम करता येत नाही आणि नोकरी मिळाली तरी भारतात परतून नव्याने अर्ज करावा लागतो.

तुझ्यासाठी 'शान्सेनकार्टे' (Chancenkarte) आहे, म्हणजे नोकरी शोधण्यासाठी जर्मनीत राहण्याचा परवाना, १ जून २०२४ पासून सुरू झालेला. वर्षभर राहून नोकरी शोधता येते, आठवड्याला २० तास कामही करता येतं. पदवी, भाषेची जर्मन ए-१ किंवा इंग्रजी बी-२ पातळी, आणि सहा गुण लागतात. तुझं वय पस्तिशीच्या आत, दोन गुण. तुझ्याच क्षेत्रातला दोन वर्षांचा अनुभव, आणखी दोन. उरलेले दोन जर्मन बी-१ केलंस की मिळतात. म्हणून आधी भाषेचा क्लास लाव. नोकरी शोधतानाही तीच उपयोगी पडेल. शिवाय खर्चाची सोय दाखवावी लागते: २०२५ मध्ये महिन्याला १,०९१ युरो. बहुतेक जण वर्षाचे पैसे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, ठेवतात.

नावाचा घोळ मात्र आत्ताच निस्तर. माझ्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग माझं, वडिलांचं, शेवटी आईचं नाव, पासपोर्टवर सासरचं. व्हिसाच्या खिडकीतल्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, एकेका शब्दावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "या दोघी कोण?" लग्नाचा दाखला सोबत होता म्हणून निभावलं. तुझीही पदवी माहेरच्या नावाची आहे, तो दाखला फाइलमध्ये सगळ्यात वर ठेव.

इथे घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा फॉर्म लागतो. माझ्या पहिल्या घरमालकाने भाडं घेतलं, सही दिली नाही. परक्या गावात तो महिना मी रडून काढला. त्यामुळे डिपॉझिट देण्याआधी सहीचं लेखी विचारून घे.

आज एवढंच कर: 'अनाबिन'च्या, म्हणजे परदेशी पदव्यांची माहिती देणाऱ्या जर्मन साइटवर तुझं विद्यापीठ आणि पदवी शोध. विद्यापीठापुढे 'एच प्लस' (H+, म्हणजे मान्यताप्राप्त) दिसतंय का ते बघ आणि मला स्क्रीनशॉट पाठव.