सफरचंदाच्या बिया का रुजत नाहीत

ताई, मुलीने एप्रिलमध्ये कुंडीत लावलेल्या सफरचंदाच्या बिया महिना झाला तरी उगवल्या नाहीत, आणि इंदूरला त्याला फळं धरतील का, असं तुम्ही विचारलंत.

बिया खराब नाहीत, झोपलेल्या आहेत. ओल आणि थंडी दोन्ही मिळाल्याशिवाय सफरचंदाची बी जागी होत नाही. डोंगरात ती हिवाळाभर गारठ्यात पडून राहते. आपल्याकडे ते काम फ्रीज करतो. नवरात्रात ताज्या फळातल्या बिया काढा, गर पुरता धुऊन टाका, नाहीतर बुरशी धरते. ओल्या पण निथळणार नाही अशा टिश्यूत गुंडाळून डब्यात घाला, वर तारीख लिहा. फ्रीजमध्ये अडीच-तीन महिने. फ्रीजरमध्ये मात्र नको. मी दर रविवारी डबा उघडून बघते. एके दिवशी मोड आलेल्या मटकीसारखं पांढरं टोक दिसतं. मुलीला तेव्हा नक्की बोलवा! ते टोक खाली करून अर्धा इंच खोल पेरा.

कुंडीत मालव्याची नुसती काळी माती भरू नका. ती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. निम्मी रेती नि शेणखत घाला. पहिल्या मे महिन्यात दुपारची सावली हवीच. माझी दोन रोपं लू लागून गेली.

आता फळांचं. कोयीतून हापूस येत नाही, रायवळ येतो, तसंच इथे. ज्या फळाची बी, तेच फळ मिळत नाही, आणि वाट सहा ते दहा वर्षं. त्यात बाजारातल्या रेड डिलिशियससारख्या जातींना सात अंशांखालची हजारेक तास थंडी लागते, ती इंदूरला कुठली! म्हणून रोप खुंट म्हणून, म्हणजे कलमाचा खालचा मुळांकडचा भाग म्हणून वाढवा आणि पेन्सिलीएवढं जाड झालं की त्याला चिरून कमी थंडीच्या जातीची काडी पाचरीसारखी बसवा, म्हणजे पाचर कलम करा. इस्रायलची अ‍ॅना आहे, हिमाचलात बिलासपूरच्या हरिमन शर्मांची एचआरएमएन-९९ आहे. अ‍ॅनाजवळ डोर्सेट गोल्डन ही दुसरी जात असली तर फळं जास्त धरतात.

आपल्याकडे अ‍ॅनाची पानं धड गळत नाहीत. डिसेंबरअखेर मी ती हाताने खुडते, मग फांद्यांवरचे डोळे एकदम फुटतात. जानेवारीत छाटणी करीन तेव्हा कलमकाड्या ओल्या फडक्यात तुमच्यासाठी ठेवते.