शिकायला कोल्हापूरला गेलात, म्हणून खानापूरच्या यादीतलं नाव जात नाही

प्रश्न : माझं गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात. सीमाभागाच्या कोट्यातून कोल्हापुरात इंजिनिअरिंगला आहे, हॉस्टेलवर राहते. गावातल्या एकानं मतदार यादीतून नाव काढण्याचा फॉर्म ७ भरून ‘ही इथं राहत नाही’ अशी हरकत घेतली. घरी नोटीस आलीय, कन्नडमध्ये. सुनावणीदिवशीच माझा पेपर आहे. बाबा म्हणतात, जाऊ दे. मैत्रिणी म्हणतात, कोल्हापूरचंही कार्ड काढ, विधानसभा दोन्हीकडे एकदम नसते. काय करू?

उत्तर : जाऊ देऊ नका. उत्तर गेलं नाही तर हरकत खरी धरली जाण्याचा धोका असतो. ग्रामपंचायतीची यादीही विधानसभेच्या यादीवरूनच होते, म्हणजे गावकारभारातलं मतही हातचं जाईल.

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० चं कलम २० सांगतं की तात्पुरतं बाहेर गेल्यानं माणसाचा सामान्य रहिवास संपत नाही. हॉस्टेलवरच्या विद्यार्थ्यांना तर निवडणूक आयोगानं मुभाच दिली आहे : आईवडिलांच्या पत्त्यावर नाव ठेवा, नाहीतर शिकता तिथं नोंदवा. ही निवड तुमची. हरकत घेणाऱ्याची नव्हे. आणि तुमचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय ‘राहत नाही’ या कारणानं नाव काढता येत नाही, असं कलम २२ म्हणतं.

आजच अर्ज लिहा. मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या नावे, नोटिशीचा क्रमांक घालून : ‘मी शिक्षणासाठी तात्पुरती कोल्हापुरात आहे, सुट्टीला घरी येते, माझं नाव अन्यत्र कुठंही नोंदलेलं नाही.’ कॉलेजचं बोनाफाईड, रेशन कार्ड आणि परीक्षेचं वेळापत्रक जोडून पुढची तारीख मागा. बाबांना खानापूरच्या तहसीलदार कचेरीतल्या निवडणूक शाखेत पाठवा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घेतल्याशिवाय त्यांनी तिथून हलू नये. अर्ज मराठीत चालेल का, हे आपल्याकडे प्रत्येक जण विचारतो. संविधानाच्या कलम ३५० नुसार राज्यात किंवा संघराज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं. तरी सोबत कन्नड प्रत जोडाच. ‘समजलं नाही’ म्हणायला जागा ठेवू नका.

मैत्रिणींचा सल्ला मात्र ऐकू नका. कर्नाटक विधानसभेचं मतदान १० मे २०२३ ला झालं, महाराष्ट्राचं २० नोव्हेंबर २०२४ ला, त्यामुळे दोन कार्डांचा मोह समजतो. पण त्याच १९५० च्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे एका वेळी एकाच मतदारसंघात नाव असू शकतं, आणि अर्जात खोटं लिहिलं तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. मत कोल्हापुरातच द्यायचं असेल तर फॉर्म ८ भरून नाव हलवा. कोट्याचा प्रवेश गावच्या दाखल्यावर आणि मराठी मातृभाषेवर मिळतो, मतदार यादीवर नव्हे. तरी, चार वर्षांनी घरी परतायचं असेल तर नाव खानापुरातच ठेवावं, असं माझं मत. मतदानाला गावी यावं लागेल, हे धरून चला. विद्यार्थ्यांना टपाली मताची सोय नाही.

निकाल विरोधात गेला तर त्याच दिवशी आदेशाची प्रत मागा. १५ दिवसांत बेळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे पहिलं अपील करता येतं. तिथंही नाही म्हटलं, तर ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरं. नाव कमी झालंच आणि निवडणूक तोंडावर असेल, तर अपिलावर थांबून राहू नका, नव्यानं नाव नोंदवायचा फॉर्म ६ भरा. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते.