फाशी, करार आणि शाळेचा दाखला

‘जगाने फाशी बंद केली, आता आपल्याकडेही ती थांबेल’ या समजुतीची पत्रं पुण्यातून सारखी येतात. म्हणून आज त्यांचीच उत्तरं.

‘संयुक्त राष्ट्रांनी फाशीवर बंदी घातली’ असा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर आला. खरं का? (कोथरूड)

नाही. २००७ साली आमसभेने १०४ विरुद्ध ५४ मतांनी ठराव केला, तो फाशीची अंमलबजावणी स्थगित ठेवण्याचं आवाहन करणारा. भारताने विरोधात मत दिलं. असा ठराव कोणावर बंधनकारक नसतो. १९८९चा फाशीविरोधी प्रोटोकॉल, म्हणजे देशांमधला जोडकरार, बंधनकारक आहे, पण त्यात सामील झालेल्या देशांवर. भारत त्यात नाही. मेसेज पुढे ढकलण्याआधी एवढं तरी विचारा.

परदेशातून आणलेल्या आरोपीला फाशी का होत नाही? (हडपसर)

पाठवणाऱ्या देशाच्या कायद्यात त्या गुन्ह्याला फाशी नसेल, तर प्रत्यार्पण कायद्याच्या कलम ३४सीप्रमाणे जन्मठेपच देता येते.

मेव्हण्याला सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. एक गृहस्थ हेगच्या न्यायालयात अर्ज करून देतो म्हणतात, पण पैसे आधी मागतात. द्यावेत का? (भोसरी)

एक रुपयाही देऊ नका. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा फक्त देश लावू शकतो. पाकिस्तानात फाशी सुनावलेल्या कुलभूषण जाधवांचं प्रकरण तिथे गेलं ते भारत सरकारने नेलं म्हणून. अडलेल्या घराकडून असे पैसे उकळणाऱ्यांचा मला मनापासून संताप येतो. उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय ही शिक्षा अमलात येत नाही. खरी लढाई तिथे आहे. कोठडीतल्या माणसाला वकील मोफत मिळतो. उद्याच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा.

गुन्ह्याच्या वेळी भाचा सतरा वर्षांचा होता, पण कोर्टात कोणी ते सांगितलंच नाही. आता निकालही लागला. काही उपयोग आहे का? (येरवडा)

आहे, आणि उशीर करू नका. भारताने १९७९ मध्ये स्वीकारलेला नागरी व राजकीय हक्कांचा करार अठरा वर्षांखालील व्यक्तीने केलेल्या गुन्ह्याला फाशी देऊ देत नाही. आपला बालन्याय कायदाही तेच सांगतो, आणि वयाचा मुद्दा अंतिम निकालानंतरही मांडू देतो.

१९९४ साली पुण्यात सात जणांचा खून झाला. त्यात दोन लहान मुलं होती. त्या घराचं दुःख मी क्षणभरही कमी लेखत नाही. एका आरोपीची फाशी २००० साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम झाली. पुढे राजस्थानातल्या शाळेचा दाखला समोर आला. त्यावरचं नाव आणि खटल्यातलं नाव वेगळं, त्यामुळे माणूस तोच का, इथपासून चौकशी झाली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. तोवर २८ वर्षं तुरुंगात गेली होती. मधल्या काळात फाशी दिली गेली असती, तर तो दाखला कोणाच्या कामाचा होता?

गेल्या महिन्यात एक आई दाखला घेऊन आली. पिशवीत दुमडलेला, जन्मतारखेवर पाणी पडलेलं. अशा वेळी घाबरू नका. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मूळ नोंद असते. मुख्याध्यापकांकडून तिचा साक्षांकित उतारा घ्या. तारीख ‘दुरुस्त’ करून देणाऱ्या एजंटाच्या वाऱ्यालाही उभे राहू नका. एक खाडाखोड खरा दावाही बुडवते. उतारा हातात येताच वकिलाला दाखवा.

दयेचा अर्ज नातेवाईक करू शकतात का? (धनकवडी)

हो. मुदत ३० दिवसांची आहे. ती कोणत्या तारखेपासून धरायची, हे वकिलाकडून लेखी घ्या.