सांगलीत मुलांना घेऊन नदीकाठी फिरायला कुठे जावं?

प्रश्न असा आहे की पुण्याहून बदलीवर सांगलीत आलोय, मुलं सात आणि दहा वर्षांची आहेत, रविवारी सकाळी नदीकाठी मोकळं फिरता येईल अशी बाग कुठे आहे?

बाग म्हणाल तर आमराई. जुनी झाडं, गार सावली, सकाळी चालणाऱ्यांची वर्दळ. पण तिथून नदी दिसत नाही. काठावरच हिरवळ आणि बाकडी शोधत असाल तर एक लक्षात घ्या, इथं काठाला जे मांडाल त्यावर पावसाळ्यात कृष्णामाईचा हक्क. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं होतं. त्यामुळे काठावर टिकलंय ते दगडाचंच. घाट, देवळं आणि १९२९ चा तो पूल.

मी आमच्या पोरांना सांगलीजवळच्या हरिपूर गावी न्यायचो. (आता त्यांना मिशा फुटल्यात, बोलावलं तरी येत नाहीत.) गावभागातून, म्हणजे जुन्या सांगलीतून, सायकलवर निघायचं, वाटेत बागेतल्या गणपतीचं देऊळ, मग चिंचेच्या झाडांखालचा रस्ता. संगमेश्वराच्या देवळापासून घाट उतरलं की समोर कृष्णेला वारणा येऊन मिळते. कधी दोन पाण्यांचा रंग वेगळा दिसतो, मग यातली कृष्णा कुठली यावर पोरांची भांडणं. पलीकडं कोथळीला पूर्वी नावेनं जावं लागायचं, आता पूल झालाय. त्यावर उभं राहिलं की संगम चांगला दिसतो. श्रावणी सोमवार मात्र टाळा, गर्दीत पाय ठेवायला जागा नसते.

हरिपूरला गेलाच आहात तर गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला हळदीच्या पेवांबद्दल विचारा. जमिनीत खोल खणलेली ही कोठारं, वर्षानुवर्षं हळद त्यात राहायची, कीड लागायची नाही. पेव उघडलं की आधी पेटता कंदील खाली सोडायचे. विझला तर आत माणूस उतरायचा नाही. दहा वर्षांच्या पोराला हे घसरगुंडीपेक्षा जास्त आवडतं, अनुभव आहे. २००५ च्या पुरात यातली बरीच पेवं पाणी शिरून गेली.

आता पाण्याचं. मुलांना काठावर बसू द्या, पाण्यात उतरू देऊ नका. औदुंबर-भिलवडीकडच्या पट्ट्यात मगरी आहेत, थंडीत उन्हाला मळीवर, म्हणजे काठच्या गाळाच्या जमिनीवर, पसरलेल्या दिसतात, आणि त्या कुठली हद्द पाळत नाहीत. कोणी म्हणेल, आम्ही लहानपणी इथंच पोहायला शिकलो. मीही शिकलो. तरी माझ्या पोरांना तलावात शिकवलं. शिवाय शहरापाशी शेरीनाल्याचं सांडपाणी नदीत येतं, तेव्हा पाय बुडवायची हौस असेल तर ती सांगलीत नको.

वेळ म्हणाल तर दिवाळीनंतर, सकाळी सातच्या आत. धुकं असतं, घाटावर चार-दोन म्हातारी माणसं आणि कपडे धुणाऱ्या बाया, एवढंच. नऊ वाजता ऊन चढतं. येताना सांगलीतल्या मोठ्या गणपती मंदिराकडून या आणि भडंग घ्या, पण तिखट विचारून घ्या. पुण्याच्या पोरांच्या डोळ्यांत पाणी येतं.