कोयनेचा धक्का बसला की समुद्रापासून पळावं का?

तुम्ही गुहागरजवळ किनाऱ्याला राहता, कोयनेचे धक्के अधूनमधून जाणवतात आणि दर वेळी घरातली मंडळी त्सुनामीच्या धास्तीने बाहेर पडतात. हे बरोबर आहे का, असं विचारलंय.

बाहेर पडतात ते ठीक, पण कारण चुकीचं आहे. कोयनेच्या भूकंपाने त्सुनामी येत नाही. त्यासाठी समुद्राचा तळ मोठ्या पट्ट्यात एकदम वर-खाली सरकावा लागतो, म्हणजे त्यावरचं सगळं पाणी ढकललं जातं. कोयनेचं केंद्र किनाऱ्यापासून साठेक किलोमीटर आत, जमिनीखाली आहे. शिवाय तिथला सर्वांत मोठा भूकंप, 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा, 6.3 रिश्टरचा होता. 26 डिसेंबर 2004 चा सुमात्राचा 9.1 होता. आकडे जवळचे वाटतात, पण ऊर्जेत फरक हजारो पटींचा.

कोयनेचा धोका आहे तो घराला. मी बांधकामातला माणूस, त्यामुळे धक्क्याची बातमी आली की माझं लक्ष आधी भिंतींकडे जातं. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंपही 6.2 च्याच आसपास होता, तरी सुमारे दहा हजार माणसं गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर माळवदाचं वजन, आणि पहाटे चारच्या सुमाराची साखरझोप. आपल्याकडच्या जुन्या चिऱ्याच्या घरांत भिंती मातीत बांधल्या असतील, कोपऱ्यांत सांधा मोडला असेल, तर एखाद्या इंजिनिअरला दाखवून घ्या. नवीन बांधत असाल तर दारं-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींवर अखंड फिरणारा काँक्रीटचा पट्टा घालायला सांगा. खर्चाच्या मानाने फायदा फार मोठा. गवंडी 'कशाला उगाच' म्हणेल, ऐकू नका.

धक्का बसत असताना पक्क्या काँक्रीटच्या घरात असाल तर मजबूत टेबलाखाली शिरून टेबलाचा पाय धरून ठेवायचा. जिन्याकडे धावायचं नाही. कच्च्या घरात दाराशीच असाल तर सरळ अंगणात या, भिंत, कौलांची कड आणि विजेच्या तारा यांपासून लांब. पलंगावर डोक्याशी जड कपाट किंवा फळी नको, हे आजच बघा.

आता समुद्र. आपल्या किनाऱ्याला खरी भीती मकरानची, म्हणजे पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्याजवळची. तिथे अरबी समुद्राचा तळ युरेशियाच्या भूपट्टाखाली सरकतो. 28 नोव्हेंबर 1945 ला तिथे 8.1 चा भूकंप झाला आणि काही तासांनी मुंबईत सुमारे दोन मीटरच्या लाटा आल्या, माणसं वाहून गेली. गुहागर तिथून हजार किलोमीटरहून लांब. तुमच्या पायाखाली काहीच हललं नाही, तरीही लाट येऊ शकते. म्हणजे तुमची मंडळी ज्या खुणेची वाट बघतात, ती खूण तेव्हा मिळेलच असं नाही.

जमेची बाजू ही की वेळ मिळतो. 2004 मध्ये तामिळनाडूलाही दोन तासांहून जास्त मिळाले होते. सांगणारं कोणी नव्हतं. 2007 पासून हैदराबादच्या इन्कॉइसमध्ये, म्हणजे समुद्राची माहिती देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेत, त्सुनामी इशारा केंद्र चालू आहे आणि भूकंप झाल्यावर काही मिनिटांत ते पहिली सूचना काढतं. जिल्हा प्रशासनाकडून इशारा आला तर व्हॉट्सॲपवर खातरजमा करत बसू नका. पाणी अचानक ओसरून तळ उघडा पडला, किंवा भरतीची वेळ नसताना चढू लागलं, तर इशाऱ्याचीही वाट बघू नका.

जायचं कुठे? कोकणात याचं उत्तर सोपं आहे: वर, सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर. बऱ्याच गावांत किनाऱ्यामागे लगेच चढ लागतो. गाडी काढून अरुंद रस्त्यावर अडकण्यापेक्षा पायवाटेने चढा. खाडीकाठच्या नातेवाइकांनाही कळवा, कारण पाणी खाडीतून बरंच आत घुसतं. लाट म्हणजे उधाणासारखी येऊन फुटणारी नव्हे. पाणी दहा-दहा मिनिटं नुसतं आत येत राहतं, मग तितक्याच जोराने ओढून नेतं. पहिली लाट सर्वांत मोठी असेलच असं नाही, पुढच्या कित्येक तासांत येत राहतात. म्हणून प्रशासन सांगेपर्यंत खाली उतरायचं नाही, होडी बघायलाही नाही. आणि घरचं कोणी ट्रॉलर घेऊन खोल समुद्रात असेल तर त्याला बंदरात बोलावू नका; खोल पाण्यात ती लाट जेमतेम जाणवते.